तोल सावरला, पण विचारांचं काय? पक्षाघातानंतरच्या व्यायामावरच्या एका पेपरची चिकित्सा

पक्षाघाताचा झटका येऊन गेला की घरचे लोक सगळ्यात आधी काय बघतात? हात उचलतोय का, पाय टाकता येतोय का, बोलता येतंय का. दोन-तीन महिन्यांनी माणूस काठी घेऊन अंगणात फिरायला लागला की "आता बरे झाले हो" असं म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मग हळूहळू दुसऱ्या गोष्टी दिसायला लागतात. गॅस बंद करायचा राहतो. सुट्टे पैसे मोजताना गोंधळ उडतो. दोन माणसं एकदम बोलली की धागा सुटतो. आणि चालता चालता कुणी काही विचारलं की पाय जागीच थांबतात, नाहीतर तोल जातो.

तोल आणि विचार या दोन गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात. त्यामुळे "व्यायामाने दोन्ही सुधारतील का?" हा प्रश्न फिजिओथेरपी, न्यूरोसायन्स, मानसशास्त्र, क्रीडाविज्ञान अशा सगळ्याच विषयांतल्या विद्यार्थ्यांना खुणावतो. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांना तर फारच. म्हणून आज या विषयावरचा एक चांगला पेपर घेऊन तो चिकित्सक नजरेने कसा वाचायचा, ते बघू. "चांगला" हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. वाईट पेपरमध्ये चुका काढणं सोपं असतं, त्यातून शिकायला फार मिळत नाही. चांगल्या पेपरमधला दावा नेमका कुठपर्यंत जातो आणि कुठे थांबतो हे ओळखणं, ही खरी परीक्षा.

प्रश्न महत्त्वाचा आहे का?

कुठलाही पेपर वाचताना पहिला प्रश्न पद्धतीचा नसतो. "हे कुणाला हवं होतं?" हा असतो.

२०१२ मध्ये स्कॉटलंडमध्ये एक काम झालं. पक्षाघात झालेले लोक, त्यांची काळजी घेणारे घरचे आणि उपचार करणारे अशा तिघांना विचारून "पक्षाघातानंतरच्या आयुष्याबद्दल संशोधन कशावर व्हावं?" याची पहिल्या दहा प्रश्नांची यादी केली गेली. यादीत पहिला क्रमांक विचारक्षमता सुधारण्याच्या उपायांचा लागला. तोल आणि चालणं हा विषयही त्याच पहिल्या दहांत आहे.

आता दुसरी बाजू बघा. २०२० मध्ये कॉक्रेनने पक्षाघातानंतरच्या शारीरिक तंदुरुस्तीच्या व्यायामांचा आढावा अद्ययावत केला. त्यात ७५ अभ्यास आणि ३,०१७ सहभागी होते. चालण्याचा वेग, चालण्याची क्षमता, तोल यांबद्दल त्यात बरंच काही आहे. पण विचारक्षमतेबद्दल आढावाकारांचा सूर असा की रुग्णांना ही गोष्ट इतकी महत्त्वाची वाटते आणि तरीही तिचा अभ्यास फार कमी झालाय.

म्हणजे मागणी आहे आणि पुरावा तुटपुंजा आहे. संशोधनाच्या प्रस्तावात ज्याला आपण "ज्ञानातली दरी" म्हणतो, ती इथे खरोखर आहे. ओढूनताणून दाखवलेली नाही.

एक उडी, जी सगळे मारतात

पेपरकडे वळण्याआधी एक तर्क तपासू. या विषयावरच्या बऱ्याच प्रस्तावनांमध्ये तो गृहीत धरलेला असतो.

१९९७ मध्ये "लॅन्सेट"मध्ये स्वीडनमधला एक अगदी छोटा अभ्यास आला होता. निवासी संस्थेत राहणाऱ्या ५८ वृद्धांना संशोधकांनी सोबत चालवलं आणि चालता चालता त्यांच्याशी गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी चालायचे थांबले. त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. ना महागडं यंत्र, ना प्रयोगशाळा. चालताना तोल सांभाळायला लक्ष लागतं आणि ते लक्ष अपुरं पडलं की धोका वाढतो, हे इतक्या साध्या निरीक्षणातून दिसलं.

इथपर्यंत ठीक. पण यावरून पुष्कळजण पुढची उडी मारतात: "तोल सांभाळायला विचार लागतो, म्हणून तोलाचे व्यायाम केले की विचार सुधारतो." थांबा. हे त्यातून निघत नाही. स्वयंपाकाला पाणी लागतं, म्हणून स्वयंपाक केल्याने विहिरीचं पाणी वाढत नाही. उलट असंही होऊ शकतं की व्यायामाने तोल इतका सवयीचा होतो की त्याला लक्ष कमी लागतं. तसं झालं तर माणूस चालताना चांगला बोलू लागेल, पण त्याची विचारक्षमता होती तेवढीच राहील. फक्त तिच्यावरचा भार हलका झालेला असेल. रुग्णाच्या दृष्टीने हाही फायदाच आहे, पण संशोधकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे दावे आहेत आणि दोन्हींना वेगळी मोजमापं लागतात.

हा फरक डोक्यात ठेवून आता मुख्य पेपरकडे येऊ.

व्हँकुव्हरचा अभ्यास

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या टेरेसा लिउ-अँब्रोस आणि सहकाऱ्यांचा हा पेपर ऑक्टोबर २०२२ मध्ये "जामा नेटवर्क ओपन"मध्ये प्रसिद्ध झाला. नियतकालिक सर्वांना खुलं आहे, त्यामुळे पेपर फुकट वाचता येतो. हा लेख वाचून झाला की तो उघडाच.

रचना थोडक्यात अशी. पक्षाघात होऊन किमान एक वर्ष उलटलेले, ५५ वर्षांवरचे १२० लोक. सरासरी वय सुमारे ७०. त्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, म्हणजे रँडम पद्धतीने, तीन गटांत विभागणी. सहा महिने, आठवड्यातून दोनदा वर्ग.

पहिला गट व्यायामाचा: ताकद, दमश्वास, चपळाई आणि तोल असे सगळे व्यायाम मिळून. दुसरा गट बौद्धिक आणि सामाजिक उपक्रमांचा. तिसरा गट तुलनेसाठी. त्याचं नाव "तोल आणि टोन", आणि त्यात स्ट्रेचिंग व हलके, जागच्या जागी स्नायू आवळायचे व्यायाम.

मुख्य मोजमाप होतं "एडीएएस-कॉग-प्लस". अल्झायमरच्या संशोधनात वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या चाचणीला नियोजन, लक्ष बदलणं अशा कार्यकारी क्षमतांच्या चाचण्या जोडून तयार केलेला हा एकत्रित आकडा आहे. यात आकडा जितका कमी, तितकी कामगिरी चांगली.

निकाल: सहा महिन्यांनंतर व्यायाम गट तुलना गटापेक्षा उणे ०.२४ ने पुढे होता. ९५ टक्के विश्वासांतर उणे ०.४३ ते उणे ०.०४. बौद्धिक-सामाजिक उपक्रमांच्या गटाला असा फायदा दिसला नाही. आणि वर्ग संपल्यावर आणखी सहा महिन्यांनी, म्हणजे बाराव्या महिन्यात पुन्हा मोजलं तेव्हा व्यायाम गटाची आघाडी टिकलेली नव्हती.

काय आवडलं

आधी जमेची बाजू. चिकित्सा म्हणजे फक्त चुका काढणं नव्हे.

पहिली गोष्ट, तुलना गट रिकामा नाही. या विषयावरच्या कितीतरी अभ्यासांत एक गट व्यायाम करतो आणि दुसऱ्याला "नेहमीचे उपचार" मिळतात, म्हणजे प्रत्यक्षात बऱ्याचदा काहीच नाही. मग फरक दिसला तर तो व्यायामाचा, की घराबाहेर पडण्याचा, चार माणसं भेटण्याचा, कुणीतरी आपली विचारपूस करतंय या भावनेचा? सांगता येत नाही. इथे तिन्ही गट आठवड्यातून दोनदा येतात, तिन्ही गटांना शिकवणारं माणूस आहे, सोबत आहे. त्यामुळे "नुसतं लक्ष दिल्यामुळे फरक पडला" ही शंका बरीच कमी होते.

दुसरी गोष्ट, एक वर्ष उलटून गेलेले लोक निवडले. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपलाआपणही बराच सावरतो. तेव्हा काहीही केलं तरी सुधारणा दिसते. वर्षानंतर हा नैसर्गिक वेग मंदावलेला असतो, त्यामुळे दिसणारा फरक उपचाराचा असण्याची शक्यता वाढते.

तिसरी गोष्ट, व्यायाम थांबवल्यानंतरही मोजलं. आघाडी टिकली नाही हे मुख्य निकालातच, लपवाछपवी न करता सांगितलं. यासाठी मी या पेपरला मनापासून मान देते. सहाव्या महिन्यालाच अभ्यास संपवला असता तर कुणी नावं ठेवली नसती.

चौथी गोष्ट, चाचणी घेणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं. सहभागी लोकांना ते माहीत असणारच. आपण वजन उचलतोय की नुसतं ताणतोय, हे कुणापासून लपवणार? व्यायामाच्या अभ्यासांत ही मर्यादा टाळता येत नाही. तिच्याबद्दल ओरड करण्यात अर्थ नाही, फक्त तिची नोंद ठेवायची.

काय खटकलं

*एक: गटाच्या नावावर जाऊ नका.* तुलना गटाचं नाव "तोल आणि टोन" आहे. घाईत वाचणारा यावरून असा निष्कर्ष काढेल की तोलाच्या व्यायामाने विचारक्षमता सुधारत नाही, बाकीच्या व्यायामाने सुधारते. पण आत डोकावून बघा. तुलना गटात मुख्यतः स्ट्रेचिंग आणि हलके व्यायाम होते, आणि तोलाचे व्यायाम खऱ्या अर्थाने व्यायाम गटातच होते! म्हणजे हा पेपर तोलाच्या व्यायामाच्या बाजूनेही पुरावा देत नाही आणि विरुद्धही देत नाही. पेपरमध्ये गटाला दिलेलं नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. डबा उघडून आत काय आहे ते पद्धतीच्या विभागात वाचायचं असतं.

*दोन: मिसळीतला कुठला पदार्थ?* ताकद, दमश्वास, चपळाई आणि तोल हे चारही एकत्र दिल्यावर फायदा कशाने झाला हे वेगळं काढता येत नाही. लेखकांचा उद्देश ते वेगळं काढण्याचा नव्हताच, त्यामुळे हा पेपरचा दोष नाही. पण हा पेपर उद्धृत करून "एरोबिक व्यायामामुळे विचारक्षमता वाढते" असं लिहिणाऱ्याचा तो दोष नक्की आहे. उद्धृत करताना वाक्य जितकं पेपरमध्ये आहे तितकंच ठेवा.

*तीन: ५.६५ चा आकडा.* माझ्या मते या पेपरमधली सगळ्यात शिकण्यासारखी जागा ही आहे. पेपरच्या सारांशात असं येतं की १३ भागांच्या एडीएएस-कॉग चाचणीवर व्यायाम गटात सहा महिन्यांत ५.६५ गुणांची सुधारणा झाली, आणि रुग्णाला जाणवण्याइतका किमान फरक ३ गुणांचा मानला जातो. वाचताना वाटतं, वा! जवळजवळ दुप्पट.

पण हा फरक कुणाकुणातला आहे? व्यायाम गटाचाच सुरुवातीचा आणि नंतरचा आकडा. दोन गटांमधला नाही. आपण रँडम विभागणीचा एवढा खटाटोप कशासाठी करतो? एकाच गटात "आधी आणि नंतर" बघितलं की त्यात सगळं मिसळतं. चाचणी दुसऱ्यांदा देताना आलेला सराव मिसळतो, पहिल्या दिवशीची धास्ती कमी झालेली मिसळते, आणि सुरुवातीला योगायोगाने कमी आलेले गुण सरासरीकडे सरकतात तेही मिसळतं. या सगळ्यातून उपचाराचा हिस्सा वेगळा काढायला दुसरा गट असतो. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये याच विषयावर स्वतंत्र लेख लिहून बजावलं होतं की रँडम गटांच्या आत सुरुवातीशी केलेली तुलना फार दिशाभूल करू शकते.

शिवाय ती ३ गुणांची मर्यादा अल्झायमरच्या रुग्णांवरच्या कामातून आलेली आहे. पक्षाघातात विचारांचं दुखणं बऱ्याचदा स्मरणापेक्षा वेग, लक्ष आणि नियोजन यांत जास्त असतं. एका आजारातली "जाणवण्याइतकी" पट्टी दुसऱ्या आजाराला जशीच्या तशी लावावी का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

मुख्य दावा गटांमधल्या फरकावरच उभा आहे, हे मान्य. तो योग्य पद्धतीने काढलाय. पण बातम्यांमध्ये आणि पुढच्या प्रबंधांमध्ये कुठला आकडा प्रवास करतो? उणे ०.२४ हा आकडा कुणालाच कळत नाही, ५.६५ सगळ्यांना कळतो. प्रवासाला तोच निघतो. म्हणून पेपर उघडल्यावर कोष्टकात तुलना गटाची ओळ स्वतः शोधा आणि दोन्ही गटांचा बदल शेजारी शेजारी ठेवून बघा.

*चार: "याला आहे, त्याला नाही" म्हणजे फरक नव्हे.* व्यायाम गट तुलना गटापेक्षा सरस ठरला, बौद्धिक उपक्रमांचा गट ठरला नाही. यावरून "व्यायाम हा बौद्धिक उपक्रमांपेक्षा चांगला" असं म्हणायचा मोह होतो. पण दोन्ही गटांची तुलना तिसऱ्याशी केलेली आहे. एकाचा निकाल रेषेच्या या बाजूला पडला आणि दुसऱ्याचा त्या बाजूला, याचा अर्थ त्या दोघांत लक्षणीय अंतर आहे असा होत नाही. क्रिकेटमध्ये एक फलंदाज ५१ वर आणि दुसरा ४८ वर बाद झाला, तर अर्धशतक एकाच्याच नावावर लागतं. म्हणून एक फलंदाज मोठा आणि दुसरा सुमार ठरतो का? गेलमन आणि स्टर्न यांचा २००६ मधला लेख नेमका याच चुकीवर आहे. संशोधन सुरू करण्याआधी तो एकदा तरी वाचून ठेवा.

*पाच: विश्वासांतराचं लहान टोक.* उणे ०.०४ हे टोक शून्याला जवळजवळ चिकटलेलं आहे. खरा परिणाम चांगला मोठा असू शकतो किंवा नाममात्र असू शकतो, दोन्ही शक्यता या आकड्यांत बसतात. असा निकाल "दिशा आश्वासक आहे" असं सांगतो. "सिद्ध झालं" असं सांगत नाही.

बाकीचा पुरावा कुठे उभा आहे?

एका पेपरवर मत बनवायचं नाही, हे आपण सगळे म्हणतो. मग इकडेतिकडे बघू.

२०१७ मध्ये "स्ट्रोक" या नियतकालिकात ओबर्लिन आणि सहकाऱ्यांचं मेटा-अ‍ॅनालिसिस आलं: १४ रँडम अभ्यास, ७३६ सहभागी. एकूण परिणाम ०.३ च्या आसपास, म्हणजे लहान पण सकारात्मक. एरोबिक आणि ताकदीचे व्यायाम एकत्र दिले तेव्हा फायदा सगळ्यात जास्त. लक्ष आणि विचारांचा वेग यांत सुधारणा दिसली, पण नियोजनासारख्या कार्यकारी क्षमतांत तशी खात्रीची दिसली नाही. व्हँकुव्हरचा निकाल या चित्रात बसतो. त्याने चित्र उलटं केलेलं नाही आणि फार पुढेही नेलेलं नाही.

पुनर्वसनाच्या क्षेत्रात ऐकायला छान वाटणाऱ्या कल्पना प्रत्यक्षात कशा वागतात, याचीही उदाहरणं लक्षात असू द्या. अमेरिकेतल्या "लीप्स" या ४०८ जणांच्या अभ्यासात (२०११) शरीराचं वजन पट्ट्यांनी उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलची तुलना घरी करून घेतलेल्या ताकदीच्या आणि तोलाच्या व्यायामाशी केली. वर्षाने सगळे मिळून ५२ टक्के लोकांचं चालणं सुधारलं होतं, आणि यंत्रवाले घरवाल्यांच्या पुढे नव्हते. २०१५ मध्ये "अ‍ॅव्हर्ट" या २,१०४ रुग्णांच्या अभ्यासात झटक्यानंतर २४ तासांच्या आत, जास्त वेळा रुग्णाला उठवून हालचाल सुरू केली. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचं प्रमाण या गटात ४६ टक्के निघालं, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्के. "लवकर आणि जास्त" म्हणजे "चांगलं" हे समीकरण तिथे मोडलं.

आणि आपल्या देशातला "अटेंड". भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्ण. घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडूनच घरी पुनर्वसन करून घ्यायचं, अशी कल्पना. आपल्याकडे थेरपिस्ट कमी आणि घरची माणसं भरपूर, त्यामुळे हे चालायलाच हवं असं कुणालाही वाटेल. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत ४७ टक्के. फरक शून्य. याचा अर्थ घरच्यांनी काही करू नये असा नाही. मायेने केलेल्या गोष्टीचा परिणामही मोजावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे आपल्यासाठी दूरचं नाही. गडचिरोलीतल्या ८६ गावांत "सर्च"च्या संशोधकांनी केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, सुमारे १४ टक्के मृत्यूंमागे तोच होता. जे वाचतात त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा, सहा महिने चालणारा प्रशिक्षकांचा वर्ग कुठे भरणार? व्हँकुव्हरचा निकाल तिथे लागू होतो की नाही हा प्रश्न नंतरचा. तो उपचार तिथे देता येतो का, हा आधीचा.

तुमच्या प्रस्तावासाठी

आता मुद्द्याचं. या विषयावर तुम्ही प्रस्ताव लिहिणार असाल तर साधारण आराखडा मला माहीत आहे: ३० रुग्ण, दोन गट, चार आठवडे व्यायाम, तोलासाठी बर्ग स्केल, विचारांसाठी मोका चाचणी. तो समोर ठेवून बघू.

परिणाम ०.३ च्या आसपास असेल तर गणित काय सांगतं? एक सोपं सूत्र आहे: १६ भागिले परिणामाचा वर्ग. १६ भागिले ०.०९ म्हणजे प्रत्येक गटात सुमारे १७८ माणसं. सुरुवातीच्या गुणांचा हिशेब विश्लेषणात धरला तर आकडा खाली येतो, कधी कधी निम्म्यावरही. पण १५ वर येत नाही. १५-१५ च्या गटांत लक्षणीय फरक दिसलाच तर तो खऱ्यापेक्षा फुगलेला असण्याची शक्यता मोठी, आणि नाही दिसला तर त्यातून काहीच कळत नाही. मग त्या ३० जणांनी चार आठवडे केलेल्या खेपा, घरच्यांनी घेतलेल्या सुट्ट्या, रिक्षाचे पैसे हे सगळं कशासाठी?

मोजमापांचंही तसंच. बर्ग स्केलमध्ये १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४, एकूण ५६ गुण. ज्याचा तोल बऱ्यापैकी आहे तो सुरुवातीलाच ५२-५३ वर असतो. तो सुधारला तरी वर जागाच नाही. मोका ही ३० गुणांची, सौम्य बिघाड ओळखण्यासाठी केलेली चाळणी चाचणी आहे. चार आठवड्यांतला बारीक बदल टिपायला ती बनवलेली नाही, आणि पुन्हा घेताना सरावाने गुण वाढतात. शिक्षण १२ वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर तिच्यात एक गुण वाढवून देतात. चौथीत शाळा सुटलेल्या आजींना आणि बारावी झालेल्या काकांना एकच जादा गुण पुरतो का, हे मार्गदर्शकांना विचारून बघा. एक आकडा, एक अक्षर असं आलटून पालटून जोडायच्या चाचणीतही तेच. अक्षरांचा क्रमच जिभेवर नसेल तर आपण लक्ष मोजतोय की शाळा?

मग ३० रुग्णांत काहीच करू नये का? करण्यासारखं भरपूर आहे, फक्त प्रश्न बदला. "व्यायामाने सुधारणा होते का?" ऐवजी "आपल्याकडचे रुग्ण आठवड्यातून दोनदा येऊ शकतात का, किती जण गळतात, कशामुळे गळतात?" हा प्रश्न ३० जणांत नीट सुटतो. "चालताना बोलायला लावलं तर चालण्याचा वेग किती घटतो, आणि तो आकडा आठवड्याभराने पुन्हा मोजला तर जुळतो का?" हाही सुटतो. मराठीत घेतलेल्या एखाद्या चाचणीची विश्वासार्हता तपासणं हेही खरं काम आहे. मोठ्या अभ्यासाला लागणारा पाया असाच घातला जातो. आणि जे काही कराल त्याचं मुख्य मोजमाप आधीच ठरवून सीटीआरआयमध्ये नोंदवा, म्हणजे नंतर सोयीचा आकडा पुढे करायचा मोह होणार नाही.

तर मग माझं मत

व्हँकुव्हरचा पेपर मी असा वाचते: पक्षाघात होऊन वर्ष उलटलेल्या, वर्गाला येऊ शकणाऱ्या लोकांत, सहा महिन्यांच्या मिश्र व्यायामाने विचारक्षमतेत माफक सुधारणा होऊ शकते, आणि व्यायाम थांबला की ती आघाडी ओसरते. तोलाच्या व्यायामाने विचार सुधारतो का, हे या अभ्यासातून कळत नाही. व्यायाम आयुष्यभर चालू ठेवला तर काय होतं, तेही नाही.

रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना "व्यायाम करा, डोकं पूर्वीसारखं होईल" असं सांगायला हा पुरावा पुरेसा नाही. "व्यायाम करत राहा, चालणं सुधारतं हे बऱ्यापैकी माहीत आहे, विचारांनाही थोडी मदत होऊ शकते, पण सोडू नका" एवढं मात्र सांगता येतं. पहिलं वाक्य ऐकून माणूस सहा महिने जीव तोडून मेहनत करेल आणि डोकं पूर्वीसारखं झालं नाही की स्वतःलाच दोष देईल. दुसरं वाक्य ऐकणारा निदान फसवला जात नाही.

आता पेपर उघडा. सारांश सोडून द्या, तो तुम्हाला कळलाय. थेट पद्धतीच्या विभागात जा आणि प्रत्येक गटाने नेमकं काय केलं ते आपल्या शब्दांत, आपल्या वहीत लिहून काढा. मग निकालाचं कोष्टक घ्या आणि प्रत्येक आकड्यापुढे एकच प्रश्न लिहा: हा फरक कुणाकुणातला?